दयेचे माप कोठे घ्यावे?



गेल्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर माझ्या पुतण्याचे स्कॉटलंडहून पत्र आले. तेथील उत्तर भागात तो रुग्णशुश्रूषेचे काम करतो. त्याच्या मंडळीतील एक वयस्क गृहस्थ एका मोठ्या वनजमिनीवर हरणांची देखरेख करतात. एक दिवस आपल्याबरोबर शिकारीस येण्याचे आमंत्रण त्यांनी याला दिले होते आणि जाण्याचे याने ठरविलेही होते. त्याचा प्रश्न निराळाच होता. त्या गृहस्थांकडे दोन रायफली होत्या, एकीचे काडतूस.223 मापाचे, दुसरीचे .243 मापाचे. कोणती घ्यावी हे त्यांनी याच्यावरच सोपविले होते. पुतण्याने लिहिले होते, "काका, मला लहान काडतूस बरे वाटते. आवाज कमी, खांद्याला धक्का कमी आणि हरणाला पडणारे छिद्रही लहान. जीव घ्यायचाच असेल तर निदान हळुवारपणे घ्यावा. लहान गोळीत दया अधिक आहे, असे तुम्हांला वाटत नाही काय?"

पत्र वाचून मला प्रथम हसू आले. ज्याने जन्मात बंदूक हाती धरली नाही, ज्याचा सारा दिवस इब्री क्रियापदांशी झटापट करण्यात जातो, त्याला काडतुसाचा सल्ला विचारावा! शिवाय आपल्या देशात हा प्रश्न उद्भवतच नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला आणि 1991 च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही संपली. आपल्यापैकी बहुतेकांनी हरिण पाहिले असेल ते प्राणिसंग्रहालयात किंवा फार तर एस.टी.च्या खिडकीतून. परंतु पत्र मिटून ठेवल्यावरही त्यातील शेवटचे वाक्य माझ्या मनातून जाईना. लहान गोळीत खरोखरच अधिक दया असते काय? हा प्रश्न केवळ शिकाऱ्याचा नाही, असे मला वाटू लागले. आणि म्हणूनच तो आपल्यापुढे मांडीत आहे.

भाषांतराच्या कामानिमित्त मी सध्या कोलकात्यात बालीगंज भागात राहतो. माझे घरमालक चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. मी त्यांना येथील रीतीप्रमाणे दादा म्हणतो. त्यांच्या दिवाणखान्यात चितळाची व सांबराची शिंगे अजून भिंतीवर आहेत. तरुणपणी ते हजारीबागच्या जंगलात शिकारीस जात. कायदा आला तेव्हा त्यांची रायफल कपाटात गेली ती पुन्हा बाहेर आली नाही. ती हुगळीकाठच्या ईशापूरच्या कारखान्यात बनलेली .315 मापाची आहे. सैन्याचे .303 माप सामान्य नागरिकास बाळगता येत नसे, म्हणून हे निराळे माप. तिची काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातली. "घोडा बंगालचा आणि गोळी तुमच्या महाराष्ट्राची," असे ते मला थट्टेने म्हणतात.

एका संध्याकाळी पुतण्याचे पत्र मी दादांना वाचून दाखविले. ते हसले नाहीत. त्यांनी कागद मागविला आणि थरथरत्या हाताने एका हरणाची बाजूने दिसणारी आकृती काढली. पुढच्या पायाची रेघ वर नेली, खांद्याचे हाड दाखविले आणि त्यामागे फुप्फुसे व हृदय यांच्यासाठी एक वर्तुळ काढले. ते वर्तुळ साधारण माणसाच्या पंजाएवढे होते. "सगळा प्रश्न एवढ्याचाच आहे," ते म्हणाले.

त्यांनी मला जे समजावून दिले ते थोडक्यात असे. गोळी फुप्फुसांतून किंवा हृदयातून गेली तर रक्ताचा दाब कोसळतो, मेंदूला रक्त मिळेनासे होते आणि काही सेकंदांत जनावराची शुद्ध हरपते. पण त्यासाठी गोळीने कातडी, स्नायू आणि प्रसंगी हाड भेदून आतपर्यंत पोहोचले पाहिजे. हलकी आणि फार वेगवान गोळी हाडावर आदळली की पुष्कळदा वरच्या वरच फुटते. बाहेर भयंकर जखम होते, परंतु आतले वर्तुळ शाबूत राहते. असे हरिण पडत नाही, ते पळते. मग ते झाडीत कोठेतरी तासांनी, कधी दिवसांनी मरते किंवा पाय ओढीत जगते.

आता या दोन काडतुसांचे आकडे पाहू. .223 ची नेहमीची गोळी 55 ग्रेनची, म्हणजे सुमारे साडेतीन ग्रॅमची. ती नळीतून सेकंदाला जवळजवळ 990 मीटर वेगाने सुटते आणि तिच्यात सुमारे 1,740 जूल ऊर्जा असते. .243 हे काडतूस 1955 साली बाजारात आले. त्याची हरणांसाठी वापरली जाणारी गोळी 100 ग्रेनची, म्हणजे साडेसहा ग्रॅमची. तिचा वेग सेकंदाला सुमारे 900 मीटर आणि ऊर्जा 2,640 जूलच्या आसपास. दोहोंच्या व्यासात फरक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. परंतु वाटेत हवा दोघींनाही अडविते आणि हलकीला अधिक अडविते. दोनशे मीटरवर पोहोचेपर्यंत लहान गोळीतील ऊर्जा जवळपास निम्मी होते. तेवढ्याच अंतरावर मोठीत अजून जवळजवळ तितकी ऊर्जा शिल्लक असते, जितकी लहान गोळीत नळी सोडताना होती.

हे ऐकल्यावर मी तेथील कायदा काय म्हणतो ते पाहिले आणि मौज वाटली. पुतण्यास ज्या हरणाच्या शिकारीला बोलाविले होते त्याला 'रो' म्हणतात; ते आपल्या भेकराएवढे, वीस-पंचवीस किलोचे असते. स्कॉटलंडमध्ये रोसाठी किमान 50 ग्रेनची गोळी आणि नळीच्या तोंडाशी सुमारे 1,356 जूल ऊर्जा एवढे पुरते, म्हणजे.223 चालते. परंतु सीमा ओलांडून इंग्लंडमध्ये आले की त्याच रोसाठी नळीचा व्यास किमान .240 इंच आणि ऊर्जा 2,305 जूल लागते, तेथे.223 गुन्हा ठरते. ते हरिण सीमा जाणत नाही. उत्तरेच्या कुरणात त्याची कातडी पातळ आणि दक्षिणेच्या कुरणात जाड असते, असेही नाही. मग दयेचे माप एका ओढ्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरे कसे?

आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. दोन्ही कायदे ऊर्जा मोजतात ती नळीच्या तोंडाशी. कायद्याला तसे करणे भागच आहे. हरणापाशी मोजणार कोण? परंतु हरिण नळीच्या तोंडाशी उभे नसते. ते शंभर, दीडशे, दोनशे मीटरवर उभे असते. आपल्याकडून काय निघाले हे कायदा पाहतो. समोरच्याला काय पोहोचले, हे त्या क्षणी केवळ समोरच्यालाच ठाऊक असते. माझ्या पुतण्याने गोळीचा आवाज, धक्का आणि छिद्र पाहिले होते. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी त्याच्या स्वतःच्या कानाच्या आणि खांद्याच्या होत्या. ज्याला तो हरणावरील दया म्हणत होता, तिचा मोठा भाग स्वतःवरील दया होता.

मी हे दादांना बोलून दाखविले तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी एक जुनी हकिकत सांगितली. साठ वर्षांपूर्वीची गोष्ट. हजारीबागेस एका ओळखीच्याच्या मळ्याजवळ संध्याकाळी एक चितळाची मादी दिसली. मोठी रायफल मुक्कामी होती. हाती होती ती पक्षी मारायची.22 ची. तिची गोळी अडीच ग्रॅमची आणि ऊर्जा दोनशे जूलही नाही. "मला वाटले, जवळ आहे, मांसही खराब होणार नाही. मी बार टाकला. ती नुसती दचकली, शेपटी खाली घातली आणि चालू लागली. रक्ताचे दोन थेंब मिळाले. अंधार पडेपर्यंत शोधले, दुसऱ्या दिवशी शोधले. तिसऱ्या दिवशी गिधाडे उतरली तेव्हा कळले की ती कोठे होती." थोड्या वेळाने ते म्हणाले, "भिंतीवर जी शिंगे आहेत त्यांतले एकही मला रात्री आठवत नाही. ती मादी आठवते. तिला तर शिंगेही नव्हती."

वाचकहो, ज्या शहरात बसून मी हे लिहीत आहे त्याच शहराच्या उत्तरेस दमदम आहे. आज ते नाव आपण विमानतळामुळे ओळखतो, परंतु जगाच्या युद्धशास्त्रात ते एका गोळीमुळे गेले. 1895 च्या चित्रालच्या मोहिमेनंतर ब्रिटिश सैनिक तक्रार करू लागले की धातूच्या पूर्ण आवरणाची .303 ची गोळी शत्रूच्या देहातून आरपार जाते आणि तो मात्र पुढे येतच राहतो. तेव्हा दमदम शस्त्रागाराचे अधीक्षक कॅप्टन बर्टी-क्ले यांनी 1896 च्या सुमारास गोळीच्या टोकावरील आवरण काढून आतील मऊ शिसे उघडे ठेवले. अशी गोळी देहात शिरताच पसरते. तिच्या जखमा इतक्या भीषण होत्या की 1899 साली हेग येथील परिषदेत राष्ट्रांनी जाहीर केले की देहात पसरणाऱ्या गोळ्या युद्धात वापरू नयेत.

आता गंमत पाहा. युद्धात क्रूर म्हणून जी गोळी निषिद्ध ठरली, त्याच जातीची पसरणारी गोळी इंग्लंडचा आणि स्कॉटलंडचा कायदा हरणासाठी आवश्यक मानतो; आणि युद्धात जी पूर्ण आवरणाची गोळी सभ्य समजली जाते ती हरणावर झाडणे तेथे गुन्हा आहे. हा विरोधाभास प्रथम मला दांभिकपणा वाटला. माणसाची दया आणि जनावराची दया निराळी काय? परंतु विचार केल्यावर उलगडा झाला. जखमी सैनिक लढाईतून बाद झाला की त्याला उचलून नेणारे कोणीतरी असते. त्याच्यासाठी डोली आहे, वैद्य आहे, माझ्या पुतण्यासारखा शुश्रूषा करणारा आहे. म्हणून त्याला लागणारी जखम बरी होण्याजोगी असावी, ही दया. जखमी हरणासाठी जगात कोठेही खाट मांडलेली नाही. त्याला अर्धवट जखम देणे म्हणजे त्याला मरणाशी एकटे सोडणे होय. गोळी तीच, परंतु एकाच्या बाबतीत ती क्रौर्य आणि दुसऱ्याच्या बाबतीत करुणा. याचा अर्थ दया गोळीत नसतेच. समोर कोण आहे, आपण निघून गेल्यावर त्याचे काय होणार, हे जाणण्यात ती असते.

'जाणणे' हा शब्द मी मुद्दाम वापरला. नीतिसूत्रे 12:10 हे वचन भाषांतर करणाऱ्यास नेहमी अडविते. नीतिमान मनुष्य आपल्या पशूविषयी कसा वागतो हे सांगताना तेथे जे इब्री क्रियापद येते त्याचा मूळ अर्थ 'जाणणे' असा आहे. आणि तो काय जाणतो? पशूचा 'नेफेश', म्हणजे त्याचा जीव, त्याची भूक, त्याचा श्वास. भाषांतरात आपण 'काळजी घेणे', 'जपणे' असे काहीतरी लिहितो आणि ते चुकीचे नाही. परंतु काळजीच्या आधी जाणणे आहे, ही पायरी त्यात हरवते. त्याच वचनाचा उत्तरार्ध अधिक बोचरा आहे. दुर्जनाच्या दयाभावालाच तेथे क्रूर म्हटले आहे. दयेसाठी वापरलेला शब्द 'रहमीम' हा आईच्या उदराला असलेल्या 'रहेम' या शब्दाशी नाते सांगणारा, अत्यंत कोवळा शब्द आहे. इतका कोवळा शब्द आणि त्याला क्रूर हे विशेषण! माझा पुतण्या दुर्जन नाही. परंतु जी दया समोरच्याचा जीव जाणून घेत नाही आणि आपल्या मनाच्या मऊपणावरच समाधान मानते, ती कोणत्या बाजूस सरकते याचा इशारा त्या वचनात आहे.

हे वचन पाळीव पशूविषयी आहे, रानातील हरणाविषयी नाही, असे कोणी म्हणेल. खरे आहे. परंतु ज्याच्यावर आपण नेम धरला ते जनावर त्या क्षणापासून आपल्या जबाबदारीत आले. मेंढरापेक्षाही अधिक, कारण त्याला दुसरा धनी नाही. शिवाय रानातील जनावरांविषयीही पवित्र शास्त्र मुके नाही. अनुवाद 14:5 मध्ये खाण्यास योग्य अशा सात रानटी प्राण्यांची नावे आहेत. ती यादी भाषांतरकाराची सत्त्वपरीक्षाच आहे. ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनी शेवटच्या नावापाशी चक्क जिराफ लिहिला! त्यातील 'यहमूर' या नावासाठी अनेक आधुनिक भाषांतरांनी रो हरिण घेतले आहे. म्हणजे पुतण्याच्या वाट्याचे जनावर मोशेच्या यादीतच असण्याचा संभव आहे. शिकार करून खाण्याची परवानगी तेथे आहे. परंतु लेवीय 17:13 मध्ये तिला एक अट जोडलेली आहे. ज्याने शिकार केली त्याने त्या प्राण्याचे रक्त जमिनीवर ओतावे आणि ते मातीने झाकावे.

ही अट मी कितीदा तरी वाचली होती. दादांची हकिकत ऐकल्यावर ती मला नव्याने दिसली. रक्त मातीने झाकायचे तर प्रथम जनावर सापडले पाहिजे. शिकाऱ्याने त्याच्यापाशी चालत गेले पाहिजे, वाकले पाहिजे, हातात माती घेतली पाहिजे. दुरून बार टाकून निघून जाणारा ही आज्ञा पाळूच शकत नाही. जे जनावर घायाळ होऊन झाडीत नाहीसे झाले, त्याचे रक्त झाकण्यास कोणीच उरत नाही. जीव देवाचा आहे हे मान्य करण्याची ती रीत होती, आणि ती पुरी करावयाची तर जखम अर्धवट असून चालत नाही.

येथे दोन आक्षेप येतील आणि दोहोंतही तथ्य आहे. पहिला आक्षेप माझ्या पुतण्यानेच घेतला. त्याने मला बेल नावाच्या स्कॉटिश शिकाऱ्याचे उदाहरण लिहून कळविले. विसाव्या शतकाच्या आरंभी या माणसाने आफ्रिकेत हजाराहून अधिक हत्ती मारले आणि त्यांतील बहुतेक .275 या, हत्तीच्या मानाने अगदी लहान, काडतुसाने. उतारवयात मायदेशी परतल्यावर तांबड्या हरणांसाठी तो .220 हे त्याहून लहान काडतूस वापरी. मग लहान काडतुसात दोष काय? दोष नाही. परंतु याच बेलने हत्तीची कवटी करवतीने कापून मेंदू नेमका कोठे असतो याचा अभ्यास केला होता. त्याच्या हातात लहान गोळी होती, पण तिच्यामागे मोठे ज्ञान होते. त्याची गोळी उचलायची आणि अभ्यास सोडायचा, हे आपण सगळेच करतो. याच्या उलट चूकही होते. दादा सांगतात की नको तेवढी मोठी रायफल घेणारा तिच्या धक्क्याला भितो, घोडा ओढण्याआधीच डोळे मिटतो आणि नेम चुकवितो. तेव्हा नियम 'मोठे ते चांगले' असा नाही. जनावराला पुरेल एवढे आणि आपल्याला पेलेल एवढे. या दोहोंच्या मध्ये जे बसेल ते. आणि अंतर फार असेल तर कोणतेच नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जनावर मुळीच मारू नये, हीच सर्वांत मोठी दया नव्हे काय? आपण ज्या भूमीत राहतो तेथे हा प्रश्न शतकानुशतके विचारला गेला आहे आणि ख्रिस्ती माणसाने तो ऐकून घेतला पाहिजे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणसास अन्न म्हणून दिली आहे ती वनस्पती. मांसाची परवानगी येते ती जलप्रलयानंतर, नवव्या अध्यायात, आणि तीही रक्ताविषयीच्या निर्बंधासह. ती परवानगी आहे, आज्ञा नाही. जो मांस वर्ज्य करतो त्याला मी वंदन करतो. परंतु सर्वांची परिस्थिती सारखी नसते. नव्या कराराचे पहिले मराठी भाषांतर ज्यांच्या देखरेखीखाली 1811 साली श्रीरामपुरास छापले गेले, ते विल्यम केरी 1794 साली सुंदरबनाच्या कडेला देभाटा येथे कुटुंबासह अन्नाच्या विवंचनेत होते. बंदुकीने मिळणारी रानडुकरे, हरणे आणि पक्षी यांवरच आपल्या जेवणाचा मोठा भाग अवलंबून राहील, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. स्कॉटलंडमध्ये लांडगे केव्हाच नामशेष झाले. हरणांना आवर घालणारे कोणी उरले नाही, कोवळी झाडे उगवताच खाल्ली जातात आणि कडक हिवाळ्यात दुबळी हरणे उपासमारीने मरतात. आपल्या विदर्भात रोही आणि रानडुकरे रात्रीतून शेत झोपवितात तेव्हा शेतकऱ्याची कोंडी होते. त्यातून कोणी कुंपणात विजेची तार सोडतो. ती तार रानडुक्कर, वाघ किंवा शेजाऱ्याचे मूल यांच्यात भेद करीत नाही. 2016 साली बिहारमध्ये मोकामा भागात नेमबाज बोलावून दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या गेल्या, तेव्हा देशभर वाद झाला. मारावे की नाही, यावर पुष्कळ बोलले गेले. मारायचेच ठरले तर कसे, यावर फारच थोडे.

आणि आपण जे कधीच बंदूक धरणार नाही, त्यांचे काय? नाताळला आपल्या घरी मटण शिजते. ते बकरे कोठून आले, किती तास उन्हात बांधलेले होते, त्याला पाणी मिळाले काय, हे आपण खाटकाला कधी विचारले आहे? दुचाकीच्या दांडीला पाय बांधून उलट्या लोंबणाऱ्या कोंबड्या रोज आपल्या समोरून जातात. आपल्या हातून रक्त सांडत नाही, म्हणून आपले मन हळुवार राहते. पण तेही माप आपल्याच बाजूचे. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात सारी सृष्टी कण्हत आहे असे म्हटले आहे. ते कण्हणे ऐकू यायचे तर त्याच्या जवळ जावे लागते.

आता एक गोष्ट स्वतःविषयी सांगितली पाहिजे. नाहीतर पुतण्याला उपदेश करण्याचा मला अधिकार राहत नाही. काही वर्षांपूर्वी एक तरुण सहकारी एका बोलीभाषेत शुभवर्तमानाचे भाषांतर करीत होता. त्याचा पहिला मसुदा माझ्याकडे आला. शब्द त्या बोलीचे होते, पण वाक्याची ठेवण दुसऱ्याच भाषेची. गावच्या माणसाला ते कळणार नाही, हे मला पहिल्या चार पानांत दिसले. पण त्याचा उत्साह मोडू नये म्हणून मी लिहिले, "काम चांगले आहे, काही ठिकाणी पुन्हा पाहावे." दोन वर्षे तो त्याच पद्धतीने पुढे गेला. मग गावात वाचन झाले आणि लोक एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. सारे काम पुन्हा करावे लागले. त्याने मला विचारले, "तुम्हांला हे पहिल्याच वेळी कळले होते काय?" मी होय म्हटले. तो म्हणाला, "मग माझी दोन वर्षे का घेतलीत?" मला उत्तर देता आले नाही. मी लहान काडतूस वापरले होते. आवाज कमी, धक्का कमी. आणि घाव त्याने दोन वर्षे अंगावर वागविला. माणसाला सांगायचे सत्य आणि हरणाला मारायची गोळी यांची बरोबरी होत नाही, ही उपमा मी याहून पुढे नेत नाही. पण दोन्ही ठिकाणी मी स्वतःला वाचविले आणि त्याला दया म्हटले, एवढे मात्र खरे.

हे सारे मी पुतण्याला सविस्तर लिहिले. काडतुसाविषयी एवढेच लिहिले की .243 घे, ते घेऊन कागदाच्या लक्ष्यावर इतका सराव कर की धक्क्याची भीती जाईल, शंभर मीटरवर पंजाएवढ्या वर्तुळात प्रत्येक गोळी बसल्याशिवाय रानात जाऊ नकोस, आणि मन साशंक असेल तर रायफल खाली कर. रायफल खाली करण्यात कमीपणा नाही.

फेब्रुवारीत त्याचे उत्तर आले. पहिल्या दिवशी धुक्यात एक रो दिसले होते, अंतर दोनशेच्या जवळ. सोबतच्या गृहस्थांनी निर्णय त्याच्यावर सोडला आणि त्याने रायफल खाली केली. घरी परतताना ते गृहस्थ काहीच बोलले नाहीत. फक्त त्यांनी पुन्हा येण्यास सांगितले. तीन आठवड्यांनी एक मादी ऐंशी-नव्वद पावलांवर आडवी उभी राहिली. गोळी लागल्यावर ती चार उड्या धावली आणि पडली. तो जवळ पोहोचला तेव्हा तिचे डोळे स्थिर झाले होते. त्याने लिहिले होते, "काका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी ओली माती घेऊन रक्तावर टाकली. माझे हात थरथरत होते. ते थांबावेत असे मला वाटले नाही."

संध्याकाळी मी पत्र घेऊन खाली दादांकडे गेलो. त्यांना आता कमी ऐकू येते. पत्र आल्याचे मी सांगताच त्यांनी माझा हात धरला. काडतूस कोणते होते, अंतर किती होते, यांपैकी काहीच त्यांनी विचारले नाही.

"सापडले ना?" त्यांनी विचारले.

"सापडले, दादा," मी मोठ्याने सांगितले.